पाणी कोणाचे? : दूधसागरच्या भेटीवरून सुचलेला भूगोलाचा पाठ



सहामाही परीक्षेपूर्वीचा आठवडा होता. इयत्ता चौथीच्या वर्गात भिंतीवर नकाशा लावून मी महाराष्ट्राच्या शेजारच्या राज्यांची नावे सांगत होतो. गोवा व कर्नाटक यांच्यामधील रेषेवरून पट्टी फिरविताना, वर्गाची थोडी करमणूक व्हावी म्हणून, या रेषेलगतच दूधसागर नावाचा प्रसिद्ध धबधबा आहे, असे मी सांगून गेलो. मागच्या ओळीतील एका मुलीने लागलीच विचारले, "गुरुजी, मग ते पाणी कोणाचे?" मी म्हणालो, "ज्या राज्यात पडते त्याचे." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पण ते वरून येते ना?"

तास संपत आला होता, ही सबब मला पुरली. परंतु त्या दिवशी घरी जाताना ते शब्द मनातून जाईनात. आपण वर्षानुवर्षे नद्यांचे उगम आणि राज्यांच्या सीमा मुलांकडून पाठ करवून घेतो. मात्र दोन निरनिराळ्या तासांना, दोन निरनिराळ्या नकाशांवर. प्राकृतिक नकाशा गुंडाळून ठेवावयाचा आणि राजकीय नकाशा उलगडावयाचा, ही आपली रीत. मुलीने नकळत दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले होते, आणि त्या ठिकाणी माझी तयारी अपुरी पडली होती.

योगायोग असा की, माझे एक स्नेही गोव्यात कुळे गावी राहतात व जवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवितात. अध्यापक विद्यालयात आम्ही एका खोलीत राहत होतो. "एकदा ये, दूधसागर दाखवतो," असे त्यांचे निमंत्रण कित्येक वर्षे पडून होते. या दिवाळीच्या सुटीत ते मी स्वीकारले. त्या भेटीत जे पाहिले व ऐकले, आणि सुटीनंतर वर्गात त्याचा जो उपयोग झाला, ते येथे सांगावयाचे आहे.

आमची शाळा नवी मुंबईच्या कडेला, खारघरच्या डोंगरापासून फार दूर नाही. पनवेलहून कोकण रेल्वेने मडगाव गाठले. आपल्या जिल्ह्यातील रोह्यापासून दक्षिणेस जाणारा हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. तोवर आपल्याकडून गोव्यास जाणे म्हणजे घाटरस्त्यांनी रात्रभर अंग खिळखिळे करून घेणे होते. मडगावहून पूर्वेकडे कुळ्यास जाणारी गाडी मिळते. मी पोहोचलो त्या संध्याकाळी गावातील मुले गवत, कागद आणि बांबू यांचा भला मोठा नरकासुर उभारण्यात गुंतली होती. पहाटे त्याचे दहन झाले, अभ्यंगस्नान झाले, आणि न्याहरीला फोव आले. फोव म्हणजे पोहे. पण एक प्रकार नव्हे; गुळाचे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले असे चार पाच प्रकार पाटाभोवती मांडलेले. आपल्याकडील मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात हे ऐकून स्नेह्यांच्या मुलाला फार नवल वाटले. हा किल्ला पुढे माझ्या कामी यावयाचा होता. तो उल्लेख यथास्थळी येईल.

स्नेह्यांचे वडील वयोवृद्ध आहेत. कुळे स्थानकाजवळच त्यांचे बालपण गेले. मी शिक्षक आहे असे कळताच त्यांनी मला "मास्तर" म्हणावयास आरंभ केला व या रेल्वेची हकीकत सांगितली. ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ साली तह होऊन मुरगाव बंदरापासून सह्याद्रीवरील कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले आणि १८८८ साली तो वाहतुकीस खुला झाला. घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक ब्रिटिश हद्दीत, पायथ्याचे कुळे पोर्तुगीज हद्दीत. दोन्हीकडे उतारूंचे सामान उघडून पाहिले जाई, कागद तपासले जात. १९५५ साली गोवामुक्तीचा सत्याग्रह पेटला, गोळीबार झाले, आणि सीमेपलीकडे जाणारी गाडी थांबली. बाबा त्या वेळी दहा बारा वर्षांचे होते. रूळ तेथेच होते, पण त्यांवर गाडी नव्हती, हे दृश्य त्यांना अजून आठवते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्यानंतर ती वाट पुन्हा मोकळी झाली.

मी पनवेल भागातून आलो असे सांगितल्यावर त्यांनी हिरवे गुरुजींचे नाव घेतले. पनवेलचे हे गुरुजी १९५५ च्या सत्याग्रहात हुतात्मा झाले. आपल्या मुलांना हे नाव चौकातल्या फलकावरून ठाऊक असते. त्यापुढची माहिती देण्याचे काम आपलेच आहे.

बोलता बोलता बाबा म्हणाले, "मास्तर, तेव्हा माणसाला पलीकडे जायला कागद लागत. नदीला मात्र कोणी कागद विचारला नाही." ते सहज बोलले, पण मला माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे एक टोक सापडल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धबधब्यास निघालो. कुळ्याहून जीपगाड्या भगवान महावीर अभयारण्याच्या रानातून जातात. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. म्हणूनच पावसाळ्यात ही वाट बंद असते व पाऊस ओसरल्यावर साधारणतः ऑक्टोबरात उघडते. गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट चढविले जाते. मला पोहता येते, असे मी तेथील कर्मचाऱ्यास सांगू लागलो, तेव्हा त्याने नुसता हात पुढे करून जाकीट दिले. तो बरोबर होता. अशा ठिकाणी बुडणाऱ्यांत पोहणारेही असतात.

गाडी थांबते तेथून पुढे काही अंतर धोंड्यांवरून चालावे लागते. प्रथम आवाज येतो, मग झाडांच्या फटीतून पांढरे काहीतरी हलताना दिसते, आणि शेवटच्या वळणावर संपूर्ण धबधबा एकदम समोर येतो. ते पाणी एका झेपेत पडत नाही. चार टप्प्यांत, कड्याला धरून, पसरत आणि पुन्हा एकत्र होत ते उतरते. त्याची उंची ३१० मीटर दिली जाते. जुन्या काही प्रवास-पुस्तकांत ६०० मीटरांवरचा आकडा छापलेला आढळतो. पुस्तकात छापले म्हणजे मोजले असे नव्हे, हे वरच्या वर्गातील मुलांना दाखविण्यास हे उदाहरण चांगले आहे. ३१० मीटर म्हणजे किती? आपल्या खारघरच्या पांडवकड्याची उंची १०७ मीटर. तसे जवळजवळ तीन कडे एकावर एक. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटर. तसे चार मिनार एकावर एक ठेवले तरी थोडे उरतेच. मुलांपुढे नुसता आकडा ठेवू नये, त्यांनी पाहिलेल्या वस्तूची पट ठेवावी. ज्या गावात मिनारही नाही आणि कडाही नाही, तेथे शाळेच्या ध्वजस्तंभाने मोजावे.

धबधब्याच्या मध्यावर, त्या पांढऱ्या पाण्याला आडवा छेद देऊन, रेल्वेचा दगडी पूल गेलेला आहे. आम्ही पाहत असता एक मालगाडी वर चढत होती. पुढे इंजिने आणि मागूनही रेटणारी इंजिने. या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे. आपल्या कर्जत व लोणावळा यांच्यामधील बोरघाटाचा तीव्रतम चढही हाच, आणि कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिन लागते ते याच कारणाने. वर्गात ३७ वीत लांबीची फळी घेऊन तिचे एक टोक १ वीत उचलावे. मुलांना तो उतार क्षुल्लक वाटतो. मग त्यावर गोटी ठेवावी.

पूर्वी पुष्कळ तरुण रुळांवरून चालत येथवर येत. आता रेल्वेने त्यास मनाई केली आहे. २०२३ च्या जुलैत अशा मंडळींना अडवून परत पाठविण्यात आले. बोगदे अरुंद आहेत, वळणे आंधळी आहेत आणि धबधब्याच्या आवाजात गाडीची शीळ ऐकू येत नाही. माझे स्नेही प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी आपल्या शाळेतील मोठ्या मुलांना हे आवर्जून सांगतात.

दूधसागर या नावाविषयी तेथे एक कथा सांगतात. रानातील तळ्यावर स्नानास आलेल्या राजकन्येकडे परक्याची दृष्टी जाऊ नये म्हणून सख्यांनी घड्यांतील दूध कड्यावरून ओतले व दुधाचा पडदा केला, अशी ती कथा. ती मुलांना जरूर सांगावी. परंतु त्यापुढे, पाणी तर रंगहीन, मग ते पांढरे का दिसते, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही तर आपण विचारावा. खडीसाखरेचा एक स्वच्छ खडा घ्यावा; त्यातून पलीकडचे अंधुक दिसते. तोच खडा वर्गात कुटावा, की पांढरी भुकटी होते. साखर तीच, पण एका खड्याचे हजारो कण झाले आणि प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावरून उजेड चहूकडे विखुरला. पडणाऱ्या पाण्याचेही असेच तुषार व बुडबुडे होतात. (कुटलेली साखर वाटून टाकावी, प्रयोग कायमचा स्मरणात राहतो.)

आणखी एक भेद शिक्षकाने पाहण्यासारखा आहे. पांडवकडा काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या थरांचा; आपला बहुतेक महाराष्ट्र त्याच दगडाचा. गोव्यात शिरताच हा दगड ईशान्येच्या कोपऱ्याखेरीज दिसेनासा होतो आणि त्याहून कितीतरी पुरातन खडक लागतात. दोन्हीकडे डोंगर सह्याद्रीचाच, पण अंगावरचे वस्त्र निराळे.

आता धोक्याविषयी. हे सांगितल्यावाचून धबधब्यावरील कोणताही पाठ शिक्षकाने देऊ नये असे माझे मत आहे. पांडवकडा आमच्या मुलांना परिचित आहे. श्रावणात तो दुरूनही दिसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी वाहून गेल्या. वनखाते पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदी करते, आणि तरीही दरवर्षी लोक कुंपण चुकवून जातात. हे सर्व अविचारी असतात असे समजू नये. पुष्कळांना पाणी कसे वाढते हेच माहीत नसते. खाली ऊन असते, ओढ्यात घोटाभर पाणी असते. पण वर डोंगरमाथ्यावर सर कोसळून गेलेली असते, आणि उघड्या खडकावरून ते सारे पाणी काही मिनिटांतच एका चिंचोळ्या घळीत उतरते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने व काटक्या येऊ लागल्या, आवाज जड झाला, की त्याच क्षणी उंच जागी सरकावे. सामान, चप्पल, कशासाठीही मागे वळू नये. एवढे शब्द जरी मुलांना पाठ झाले तरी चालेल. शालेय सहल पावसाळ्यात धबधब्यावर नेऊ नये, हे तर उघडच आहे. माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. धबधबा शिकविण्यासाठी मुलांना धबधब्यावर नेण्याची गरजच नाही. शिक्षकाने जाऊन यावे आणि नीट पाहून यावे.

संध्याकाळी घरी आल्यावर मी स्नेह्यांपुढे तो प्रश्न ठेवला. ते हसले व म्हणाले, "अरे, हा प्रश्न सोडवायला तीन राज्यांना न्यायासनापुढे जावे लागले, आणि तू तो घंटा होईपर्यंत सोडवणार होतास!" मग त्यांनी नकाशा काढला आणि जेवणवेळ टळेपर्यंत आम्ही त्यावर वाकून बसलो.

दूधसागरचे पाणी सीमेवरच्या माथ्यावरील रानांतल्या ओहोळांचे. ते खाली उतरून पुढे खांडेपार नदी होते. या नदीवर ओपा येथे पाणी शुद्ध करण्याचे केंद्र असून फोंडा व पणजी या बाजूंस तेथून पिण्याचे पाणी जाते. पणजीच्या घरात नळाखाली तांब्या धरणाऱ्यास दूधसागर आठवत नसेल, पण या खोऱ्याचेच पाणी त्याच्या तांब्यात पडते. खांडेपार मांडवीला मिळते व मांडवी पणजीपाशी अरबी समुद्राला. हीच मांडवी वरच्या अंगाला म्हादई म्हणून ओळखली जाते, आणि तिचा उगम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात आहे.

"आता गंमत पाहा," म्हणून स्नेह्यांनी पेन्सिलीचे टोक थोडे सरकविले. त्याच खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते. ती मात्र पूर्वेकडे वळते, कूडलसंगमला कृष्णेस मिळते आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरास जाते. एकाच तालुक्यातील शेजारशेजारच्या रानांत, एकाच सरीचे दोन थेंब पडले. एक पणजीला गेला, दुसरा सारा दक्षिण भारत ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याला. त्यांच्यामध्ये काय होते? एक डोंगरधार. तीच जलविभाजक रेषा. राज्याची सीमा माणसांनी ठरविलेली. ती कोठे या धारेवरून जाते, कोठे तिला सोडून खाली उतरते. पाणी मात्र धारच ओळखते.

मलप्रभेच्या खोऱ्यात पाऊस कमी. हुबळी व धारवाड या शहरांस आणि आसपासच्या गावांस पिण्याचे पाणी हवे, म्हणून म्हादईच्या खोऱ्यातील कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे, अशी कर्नाटकाची योजना. गोव्याचे म्हणणे असे की, वरचे पाणी घटले तर खालच्या खाऱ्या पाण्याला गोडे पाणी थोपवू शकणार नाही. शेती, मासळी, रान, पिण्याचे पाणी, सर्वांसच झळ लागेल. आपल्या महाराष्ट्राचाही लहानसा वाटा आहे, कारण या नदीचे काही ओहोळ सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या बाजूचे आहेत. २०१० साली यासाठी न्यायाधिकरण नेमले गेले व १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट. या निवाड्याविरुद्ध राज्ये पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. मी त्यांना म्हणालो, "आता माणसाला कागद लागत नाही, बाबा, नदीला लागतो." ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी मला विचारले, "त्या मुलीला काय सांगणार?"

परतीच्या प्रवासात माझ्या ध्यानात आले की, या गोष्टीसाठी गोव्यापर्यंत जाण्याचेही कारण नव्हते. नवी मुंबईच्या नळांना येणारे पुष्कळसे पाणी मोरबे धरणाचे. धरण आपल्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात; ते पाणी वापरणारी नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात. जिल्ह्याची सीमा ओलांडून ते रोज जाते. वाशीतील मुलगा ते पाणी नवी मुंबईचे म्हणेल, चौकजवळच्या वाडीतील मुलगा आमच्या डोंगराचे म्हणेल. दोघेही आपल्यापैकीच कोणाच्या ना कोणाच्या वर्गात बसलेले असतात.

वर्गातील पाठ

सुटी संपून शाळा भरली तेव्हा गावात जागोजाग दिवाळीतले किल्ले अजून उभे होते, पावसाअभावी वाळून तडे गेलेले. मुलांना ती माती घेऊन यावयास सांगितले. आवारात, झाडाखाली, सुमारे पाच हात लांबीची एक डोंगररांग केली. एक अंग उभे, दुसरे लांबवर उतरते. सह्याद्री असाच आहे, पश्चिमेस कडा आणि पूर्वेस पठार. उभ्या अंगाच्या पायथ्याशी एक परात व उतरत्या अंगाच्या टोकाला दुसरी परात ठेवली. हे दोन समुद्र. माती चांगली चोपून घ्यावी, नाहीतर पाणी मुरून जाते व सारा पाठ बिघडतो. आमचे पहिल्या दिवशी तसेच झाले.

नंतर रांगेवर पांढऱ्या सुताने राज्याची सीमा घातली. ती मुद्दाम धारेवरून नेली नाही. एके ठिकाणी पूर्वेकडे उतरविली, दुसरीकडे पश्चिमेकडे. त्याखेरीज खडूच्या भुकटीने धारेची रेषा आखली. दोन रेषा एक नाहीत हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले, आणि कोणतीही व्याख्या सांगण्यापूर्वी पाहिले, हे महत्त्वाचे. झारीने रांगेच्या माथ्यावर हळूहळू पाणी सोडले. एका मुलाला बरोबर धारेवर धार धरावयास सांगितली; पाणी दुभंगले, निम्मे या परातीत, निम्मे त्या परातीत. सुताखालून ते असे गेले की सूत तेथे नाहीच. त्यानंतर मी फळ्यावर "जलविभाजक" हा शब्द लिहिला. उभ्या अंगाला एक चपटा दगड बसवून त्यावरून पाणी पाडले, तो दूधसागर. पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी बघता बघता खळगा पाडला, तो मी सांगण्यापूर्वीच मुलांनी दाखविला. उतरत्या अंगावर पाणी माती थोडीथोडी नेत राहिले व परातीच्या तोंडाशी गाळाचा पंखा पसरला, तेव्हा त्रिभुज प्रदेशाचा पुढचा पाठही तेथेच निम्मा झाला.

या पाठास दोन तास लागतात. एका तासात उरकण्याचा प्रयत्न करू नये. आणि म्हादईचा वाद सांगताना शिक्षकाने स्वतः बाजू घेऊ नये. आपण महाराष्ट्रात आहोत म्हणून ते सोपे जाते, सीमेवरील शाळांतील शिक्षकांस ते कठीण जात असेल हे मी जाणतो. तेथे आकडे द्यावेत, नकाशा द्यावा, आणि दोन्हीकडच्या माणसांस पाणी कशासाठी हवे ते सांगावे.

रांगेच्या दोन्ही अंगांना मुलांनी काड्यांची गावे वसविली होती. पूर्वेकडील गावाला पाणी फार थोडे पोहोचत होते. प्रश्न विचारणारी ती मुलगी त्याच बाजूला बसली होती. कोणी काही बोलण्यापूर्वी तिने बोटाने धारेत एक बारीक चर पाडला आणि पश्चिमेकडे जाणारे पाणी आपल्याकडे वळविले. पलीकडच्या बाजूचा मुलगा ओरडला, "गुरुजी, माझी नदी सुकली!" ती म्हणाली, "माझ्या गावाला प्यायलाच नव्हते." वर्गाचे तत्काळ दोन पक्ष झाले. तिने चर अर्धा बुजवून पाहिला. तरीही कोणाचे समाधान झाले नाही. एकाने सुचविले की पावसाळ्यात चर उघडा ठेवावा व उन्हाळ्यात बंद करावा. त्यावर ती म्हणाली, "पण तहान उन्हाळ्यातच लागते."

घंटा झाली. दोघांचेही म्हणणे मी फळ्याच्या दोन बाजूंना लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत फळा पुसला नाही.